उभी होते तिथेच मासे होते

फ्लाय रॉड, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेला खोटा किडा (फ्लाय) फेकून मासे धरायची काठी, हातात घेऊन मला तेव्हा पाच वर्षं झाली होती. ट्राउट, म्हणजे थंड वाहत्या पाण्यातले मासे, मिळायचे, अगदीच नाही असं नाही. पण का मिळाला आणि का नाही मिळाला, विचारलं असतं तर धड उत्तर देता आलं नसतं. मिळाला की श्रेय फ्लायला, नाही मिळाला की दोष हवेला. एकंदरीत सोयीचा कारभार होता.

एके दिवशी सकाळी मी मांडीभर पाण्यात उभी राहून पलीकडच्या काठाखालच्या खोल पाण्यात लांबलचक कास्ट टाकत होते, म्हणजे लाइन आणि फ्लाय लांब फेकत होते. दीड तासात काही नाही. वैतागून बाहेर आले आणि काठावर फ्लायचा डबा आवरत बसले. तासाभराने खालच्या अंगाने एक वयस्कर गृहस्थ आले. हे पुढे माझे काका झाले. नात्याने काही नाही, नदीमुळेच. ते पाण्यात उतरलेच नाहीत. काठापासून दोन पावलं मागे गुडघ्यावर बसले आणि जेमतेम दोन रॉडच्या अंतरावर फ्लाय टाकली. बघता बघता तीन ट्राउट. तिन्ही तिथलेच, जिथे सकाळभर माझे पाय होते.

मी न राहवून विचारलं, "काका, फ्लाय कुठली लावलीत?"

"तुझ्या डब्यात असेल ती," ते म्हणाले. "तू उभी होतीस तिथेच होते ते. तू शिरलीस तसे पळाले, तू गेलीस तसे परत आले. किती पळवलेस ते मोजलंस का?"

मोजायचं काय त्यात, असं मनात आलं. बोलले नाही. पण घरी आल्यावर प्रश्न सुटेना. पकडलेले मासे मी नेहमी मोजायचे. पळवलेले मोजायचं कधी सुचलंच नव्हतं.

मग एक छोटी वही केली, खिशात मावेल अशी. तीन रकाने आखले: बिचकले, नाकारले, सुटले. पकडलेल्यांचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. पहिल्याच दिवशी 'बिचकले'खाली अकरा रेघा पडल्या, आणि त्या फक्त मला दिसलेल्या माशांच्या. तीरासारखी निघून जाणारी सावली अकरा वेळा. त्या दिवशी 'नाकारले' आणि 'सुटले' रिकामे होते. रिकामे असणारच, तिथवर गाडी पोचलीच नव्हती.

म्हणून सुरुवात पायांपासून केली.

ट्राउट प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो, कारण खाणं तिकडूनच वाहत येतं. त्यामुळे त्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे खालून वर सरकायचं, हे ऐकून माहीत होतंच. मी सरकायचेही, पण ताठ उभी राहून, खडी कुरकुरवत. पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा असतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर ती खिडकी जेमतेम ६८ सेंटिमीटर रुंद असते. जितका खोल, तितकी ती मोठी. पण या खिडकीतून काठावरचा माणूसही दिसतो, कारण प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. फक्त अगदी खालच्या कोनातल्या गोष्टी कडेला चेपून अस्पष्ट होतात. काका गुडघ्यावर का बसले होते ते हे गणित मांडल्यावर कळलं. ते गुडघेदुखीने बसले असावेत, असा माझा आधीचा अंदाज होता.

मग मी दोन सवयी लावून घेतल्या. पाण्याजवळ पोचल्यावर पहिली दहा मिनिटं रॉड गवतात ठेवायचा आणि नुसतं बघायचं. आणि पाण्यात पाय टाकायच्या आधी, पाय टाकणार ती जागा आधी फ्लायने तपासायची. दुसरी सवय लागायला दोन महिने गेले, कारण पलीकडचं पाणी नेहमी जास्त चांगलं दिसतं. या बाबतीत मी आजही स्वतःवर विश्वास ठेवत नाही.

दहा मिनिटं बघण्यात काय बघायचं? सुरुवातीला काही दिसायचंच नाही. पोलरॉइड चष्म्याने चकाकी जाते, पण डोळ्यांना वळण लागत नाही. अख्खा मासा शोधणं सोडल्यावर दिसायला लागलं. तळावरची एखादी सावली दगडासोबत न हलता डावी-उजवीकडे हलते. पांढरं काहीतरी क्षणभर चमकतं. ते उघडलेलं तोंड असतं. शेपटीची कड मंद हलते. आणि मासे असतात कुठे, तर जिथे खाणं भरपूर येतं पण पोहायला जोर लागत नाही अशा जागी. वेगवान आणि संथ धार एकमेकींना घासून जातात त्या रेघेवर. फेसाचे ठिपके ज्या वाटेने जातात, त्याच वाटेने किडे जातात. पाण्यातल्या मोठ्या दगडामागे तर सगळेच टाकतात. दगडाच्या पुढ्यात, पाणी त्याच्यावर आपटून मंदावतं तिथेही एक उशीसारखी जागा असते. ती मी पाच वर्षं ओलांडून जात होते.

दोन-अडीच महिन्यांत अकराचे चार झाले. तेव्हा 'नाकारले' भरायला लागला.

मधल्या काळात हाताचंही थोडं केलं. फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते सगळ्यात लवकर सुधारतं आणि लोक सगळ्यात जास्त बोलतात त्याच्यावरच. फ्लायला वजन नसतं. आपण फेकतो ती लाइन, म्हणजे रॉडची जाड, वजनदार दोरी. माझ्या पाच नंबरच्या लाइनीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आणि तेवढं वजन मागे पूर्ण उलगडू दिलं तरच पुढे जातं. मी उलगडू देत नव्हते. मोबाइल दगडावर टेकवून चित्रण केलं तेव्हा दिसलं की मागच्या कास्टला माझं मनगट मोडतं आणि रॉडचं टोक जवळजवळ गवताला टेकतं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकल्यासारखं वाटलं. रॉडची मूठ रुंद रबराने हाताला बांधली, मनगट वाकेना. लाइनीच्या टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा लाल तुकडा, समोर गवतावर एक ताट, रोज पंधरा मिनिटं. आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा हे किती तरी बरं. थकलेला हात चुकाच पाठ करतो. लीडरमध्ये, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्यात, आपोआप पडणाऱ्या गाठींना मी वाऱ्याचा दोष समजायचे. त्या पुढच्या कास्टला एकदम हिसका दिल्याने पडतात. वारा बिचारा फुकट बदनाम.

पण 'नाकारले'चा हाताशी संबंध नव्हता. मासा येतो, फ्लायच्या खाली थांबतो, तिच्यासोबत थोडा मागे वाहतो आणि शांतपणे वळून जातो. असं पाच वेळा झालं की माणूस फ्लाय बदलतो. मी एका संध्याकाळी नऊ फ्लाय बदलल्या. नंतर काकांना वही दाखवली. त्यांनी विचारलं, "फ्लाय किती वेळ मोकळी वाहते तुझी?"

"पाच सेकंद तरी."

"घड्याळ लावून?"

घड्याळ लावलं. दोनही भरली नाहीत.

फ्लाय फिशिंगमध्ये याला ड्रॅग म्हणतात. आपण आणि फ्लाय यांच्यामध्ये वेगवेगळ्या वेगाचं पाणी असतं. मधली वेगवान धार लाइनीला पोट काढून खाली नेते, पोट ताणलं की फ्लाय ओढली जाते. खऱ्या किड्याच्या मागे दोरी नसते, म्हणून तो प्रवाहाला आडवा धावत नाही. फ्लाय धावली, पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उठली, की मासा गेलाच. हा झाला मोठा ड्रॅग. तो मला दिसायचा. मला मारत होता तो बारका. दहा मीटरवरून तो दिसतच नाही, माशाला मात्र अर्ध्या फुटावरून दिसतो.

यावर मला सापडलेली युक्ती अगदी साधी आहे. फ्लाय पडली की तिच्या शेजारचा एक बुडबुडा निवडायचा. तिच्यावर नजर ठेवण्यापेक्षा त्या दोघांमधल्या अंतरावर ठेवायची. अंतर वाढलं किंवा कमी झालं, की ड्रॅग सुरू झाला. पहिल्या दिवशी हे करून पाहिलं आणि लाज वाटली. मी ज्याला सुंदर ड्रिफ्ट, म्हणजे फ्लायचं मोकळं वाहणं, म्हणत होते, त्यात बुडबुडा फ्लायला मागे टाकून कधीच निघून जायचा, किंवा उलटं.

उपाय पुष्कळ सांगतात. लाइन पाण्यावर पडल्यावर रॉडने ती वरच्या बाजूला उचलून टाकायची, म्हणजे मेंड करायची. किंवा कास्ट हवेत असतानाच रॉड वरच्या दिशेला झुकवून लाइन तिरकी पाडायची. लीडरच्या टोकाचा टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला सगळ्यात बारीक तुकडा, लांबवायचा. माझा नऊ फुटी लीडर होता, त्याला आणखी दोन फूट जोडले आणि फरक लगेच दिसला. टिपेट बारीक केला तर तो लवचिकही होतो. त्याच्या नंबरांचा हिशोब मजेशीर आहे: ११ मधून नंबर वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. ५एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. पण यातलं सगळं करूनही सगळ्यात मोठा फरक पडला तो जागा बदलल्याने. तीन पावलं वर सरकलं की मधली वेगवान धार मध्ये येतच नाही. किंवा इतकं जवळ जायचं की रॉड उंच धरून लाइन पाण्याला टेकूच द्यायची नाही. आणि इतकं जवळ जाता येण्यासाठी आधी 'बिचकले' कमी झालेले असावे लागतात. वहीतले रकाने मी सहज आखले होते, पण ते एकमेकांवर रचलेले निघाले.

आता निंफचं सांगते. निंफ म्हणजे पाण्याखाली राहणारं किड्याचं पिल्लू, आणि त्याच्यासारखी बनवलेली बुडती फ्लायही. सांगते, कारण ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो आणि मी मात्र वर तरंगणाऱ्या फ्लायच्या प्रेमात होते. काकांनी एक दगड उलटा करायला लावला. खालच्या बाजूला कॅडिस नावाच्या नदीकिड्याच्या अळ्यांची वाळूच्या कणांची बारीक घरं चिकटलेली, आणि मेफ्लाय या दुसऱ्या नदीकिड्याची चपटी, सरपटणारी पिल्लं. पोटाच्या कडेने कल्ले थरथरताहेत. दगड परत होता तसा ठेवला. मग माझा डबा उघडला. त्यातल्या निम्म्या फ्लाय मलाच आवडाव्यात म्हणून बनवलेल्या वाटत होत्या.

त्यांनी फेझंट टेल काढली. ही निंफ फ्रँक सॉयर या इंग्लंडमधल्या एव्हन नदीच्या राखणदाराची. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, इतक्यातच सगळं बांधलेलं. वेगळा दोरा नाही. तारच बांधते आणि तीच वजन देते. पायही नाहीत, कारण पोहणारी निंफ पाय अंगाशी दुमडून घेते हे त्याने पाहिलं होतं. वर्षानुवर्षं नदीकाठी उभं राहून पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट वगळता येत नाही. त्या हिवाळ्यात मी डब्यातल्या दोनशेपैकी चाळीस ठेवल्या.

निंफने मासेमारी करताना मी लाइनीवर लोकरीचा इंडिकेटर, म्हणजे तरंगणारी खूण, लावते. इथेही मी बुडबुड्यांवर नजर ठेवते, पण उलट्या अर्थाने. तळाजवळचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं. म्हणजे निंफ खरोखर तळाजवळ असेल तर इंडिकेटर शेजारच्या बुडबुड्यांपेक्षा हळू जायला हवा. त्यांच्या बरोबरीने पळत असेल तर निंफ मधल्या पाण्यात लटकते आहे. वजन वाढवा किंवा खोली. हे समजल्यावर पहिल्याच सकाळी मी वजनाचा एक बारीक मणी वाढवला, इंडिकेटर रेंगाळला, आणि चौथ्या ड्रिफ्टला किंचित अडखळला. दगड असेल, असं वाटलं. तरी उचललं. दगडाने डोकं हलवलं.

एक संध्याकाळ मात्र मला सविस्तर आठवते. डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी उथळ होत खळाळाकडे निघतं, तिथे पाच-सहा मासे सारखे वर येत होते. हवेत मेफ्लाय उडत होत्या. मी त्याच रंगाची, त्याच मापाची तरंगणारी फ्लाय लावली. ड्रिफ्ट बुडबुड्याच्या कसोटीला उतरत होता. तरी एकही घेईना. पूर्वी असते तर डबा उपसला असता. त्या दिवशी रॉड गवतात ठेवला आणि एकाच माशाकडे बघत बसले.

वर तरंगत येणारी मेफ्लाय त्याच्या डोक्यावरून गेली. त्याने सोडली. दुसरीही सोडली. मग मध्येच काही दिसत नसताना तो वर आला. नाक दिसलं नाही. पाठ आणि वरचा पर तेवढा वळसा घालून गेला. आणि पाण्यावर बुडबुडा राहिला नाही. मासा पृष्ठभागावरून काही घेतो तेव्हा थोडी हवाही गिळतो आणि ती कल्ल्यांतून सोडतो. म्हणून वर्तुळाच्या मध्यावर बुडबुडा उरतो. इथे वर्तुळ होतं, बुडबुडा नव्हता. म्हणजे तो पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, कात टाकायच्या धडपडीत अडकलेली पिल्लं उचलत होता. तरंगती मेफ्लाय कधीही उडून जाते. ही अडकलेली कुठे जाणार? मी असते तर मीही तीच खाल्ली असती.

छोटी फेझंट टेल लावली. लीडरला फ्लायपासून वीतभर अंतर सोडून तेल चोळलं, म्हणजे तो तरंगेल आणि निंफ वीतभरच खाली लटकेल. पहिला कास्ट आखूड पडला. दुसरा बरोबर. पाठ वळली, लीडरचं टोक गडप झालं, मी रॉड उचलला. अंधार पडेपर्यंत त्याच जागेवरून तीन झाले. एक सुटला.

'सुटले'चं थोडक्यात. मासा तुटून गेला की आपण म्हणतो, फार मोठा होता. खरं कारण टिपेटच्या टोकाला असतं. टोक सरळ तुटलेलं असेल तर टिपेट तुटला. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर टिपेट तुटलाच नाही, गाठ सरकली. माझ्या पहिल्या सात सुटलेल्यांपैकी पाच टोकं कुरळी होती. गाठ कोरडीच ओढत होते. घर्षणाने नायलॉन तापतो आणि कमजोर होतो, शिवाय वेढे नीट बसत नाहीत. तेव्हापासून गाठ थुंकीने ओली करून हळू ओढते आणि बांधल्यावर एक जोरदार हिसका देऊन बघते. तुटायची असेल तर माझ्या हातात तुटू दे.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकते. त्याने काही सुटतात, सुटू देत. सोडतानाही मासा पाण्यातच धरते, हात ओले करून, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग शिरतो. आणि वहीच्या मागे एक थर्मामीटर अडकवलेला असतो. पाणी २० अंशांच्या वर असेल तर रॉड जोडतच नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी. दमलेला ट्राउट सोडल्यावर पोहत जातो आणि पुढे कुठेतरी मरतो. तो आपल्या कुठल्याच रकान्यात येत नाही. एका उन्हाळ्यात मी असे किती मारले असतील, याचा हिशोब माझ्याकडे नाही.

तीन हंगाम झाले. गेल्या खेपेचं पान असं आहे: बिचकले २, नाकारले ६, सुटले १. त्या सहापैकी चार नकार एकाच माशाचे. पलीकडच्या काठाला पाण्यावर झुकलेली फांदी आहे, तिच्या सावलीत तो असतो. मध्ये जोरदार धार. वरून जाता येत नाही, पाणी खोल आहे. जवळ जाता येत नाही, कारण तेच. कास्ट हवेत असताना लाइन वरच्या दिशेला तिरकी पाडायची, तीही डाव्या अंगाने, आणि फांदीखालून. मला उजवीकडून जमतं. डावीकडून लाइन फांदीत जाते किंवा पोट काढून बसते. सध्या रोज संध्याकाळी गवतावर एक दोर ओढलेला असतो, ती धार. पलीकडे एक खुर्ची, ती फांदी. खुर्चीखाली ताट. काल पंचवीसपैकी तीन ताटात पडले, आणि अकरा वेळा खुर्ची आडवी झाली.